दाजी, दूध उकळायचं की नाही?

दाजी, आज सकाळी परत तेच झालं. सुंद्री म्हशीची धार काढली आणि पहिला तांब्या तुमच्या थर्मासाची वाट बघत बाजूला ठेवून दिला. समोर गिऱ्हाईक ग्लास घेऊन उभं, आणि मी त्याला म्हणतोय, "थांबा पावणं, हे सरांचं हाय." ते बिचारं थांबलंसुद्धा. मग तात्यांनीच तांब्या उचलला आणि त्याच्या ग्लासात ओतला. आमच्या तालमीचे म्हातारे वस्ताद, एरवी तोंडाचा पट्टा बंद होत नाही, पण आज एक शब्द बोलले नाहीत. मला त्यांचाच जास्त राग आला. शिवी तरी द्यायची होती.

तुम्ही गेलात हे मला कळलंय, तसं नव्हे. मीच खांदा दिला, मीच रक्षा सावडायला होतो. पण सकाळी म्हशीखाली बसलो की हाताला ते कळत नाही. आणि हाताचंच कशाला, डोक्याचाही गोंधळच आहे. तुमच्याशी मांडलेला वाद अर्धाच राहिला आणि तुम्ही मधूनच उठून गेलात. असं करतात का? आता मी कुणाशी भांडू?

पहिल्यांदा आमच्या दूधकट्ट्यावर आलात तो दिवस आठवतो. अक्काचं नुकतंच लग्न झालेलं. तुम्ही गडहिंग्लजचे, घरात दुभतं असलेले, तरी रस्त्याकडेला उभी म्हैस, खाली बसलेला मी, धार थेट ग्लासात, आणि उभ्याउभ्या फेसासकट दूध पिऊन मिशी पुसणारी माणसं बघून तुम्ही चकित झालात. मी नव्या जावयाचा मान म्हणून सगळ्यात मोठा ग्लास भरून पुढं केला. तुम्ही तो प्यालात, "वा" म्हणालात, आणि त्यानंतर दोन दिवस तुमचं पोट बिघडलेलं होतं हे अक्कानं नंतर सांगितलं. दूध तुम्हाला पचतच नव्हतं. जन्मभर बिनदुधाचा चहा प्यायलेला माणूस दुधावर संशोधन करणार, ही गोष्ट मी पेठेत इतक्या जणांना सांगितली की शेवटी लोक मलाच सांगायला लागले.

औषधनिर्माण शिकवणारा प्राध्यापक पहाटे बर्फाचा डबा आणि थर्मास घेऊन माझ्या म्हशीपाशी उभा राहायला लागला, तेव्हा मला वाटलं, माणूस बिघडला. "हे कशाला?" मी विचारलं. तुम्ही म्हणालात, "सर्जेराव, या दुधात पिशव्या आहेत." घरात सगळे मला सर्जा म्हणतात. सर्जेराव फक्त तुम्ही म्हणायचात, आणि तेही मी वाद घालणार असं दिसलं की.

पिशव्यांचं तुम्ही कितीदा सांगितलंत! शरीरातली पेशी आपल्याच पातळ कातडीचा बारका तुकडा चिमटून बाहेर सोडते, त्याची गोल पिशवी होते, आत एखादा निरोप असतो, आणि लांबची दुसरी पेशी ती पिशवी आत घेऊन निरोप वाचते. रक्तात असतात, लाळेत असतात, दुधात तर भरपूर असतात. मग निरोपाच्या जागी औषध भरलं तर? पेशीनंच केलेली पिशवी म्हटल्यावर शरीर तिला फारसं परकं मानत नाही. औषध जिथं पाहिजे तिथं जाईल, बाकीच्या शरीराला त्रास कमी होईल. मी म्हणालो, जाईल कसं, पत्ता कोण सांगणार? तेव्हा तुम्ही एसटीचं उदाहरण दिलंत. तुम्ही इथं कॉलेजला होता तेव्हा तुमच्या आई गडहिंग्लजहून एसटीनं डबा पाठवायच्या. कंडक्टरला सांगायच्या, अमक्या थांब्यावर पोरगं उभं असेल. कंडक्टर ओळखीचा असला की डबा गरम हातात पडायचा. नवीन असला की डबा थेट डेपोत. "आमचं सध्या तेच चाललंय," तुम्ही म्हणालात. "पिशव्या भरतोय, पाठवतोय, पण पुष्कळशा यकृताच्या डेपोत जमा होतात. नेमक्या थांब्यावर उतरवायला अजून जमत नाही." हे मला एकदम पटलं. तुमचं सगळ्यात जास्त मला कळलेलं तेवढंच.

नाहीतर तुमची लॅब! एकदा हौसेनं नेलंत. चरवीभर दूध मी स्वतः पोचवलेलं. त्यातली साय काढली, घट्ट भाग काढला, राहिलेलं पाणी त्या घरघरणाऱ्या यंत्रात कितीतरी वेळ फिरवलं, आणि शेवटी नळीच्या बुडाशी काहीतरी डाग राहिल्यासारखं दिसलं. "झालं," तुम्ही म्हणालात, चेहरा असा की लेक पहिली आली. मी म्हणालो, "एवढ्या दुधाचं एवढंच? आमच्यात असं झालं तर म्हैस विकत्यात." तुम्ही खूप हसलात. मग मी विचारलं की हे आता कुणाला देणार, तर म्हणे, उंदरांना. माझ्या सुंद्रीचं दूध उंदरांना! मी चिडलो. तुम्ही हातमोजे काढता काढता सहज बोलल्यासारखं म्हणालात, "या उंदरांचे सांधे सुजलेत, सर्जेराव. सकाळी त्यांना चालता येत नाही."

तिथं मला समजलं की तुम्ही त्या पिशव्यांत कुठलं औषध भरताय. अक्काचंच. तिच्या आमवाताचं. ती आठवड्याची एक गोळी, जी घेतली की पुढचे दोन दिवस तिची अन्नावरची वासना उडते आणि ती घरातल्या सगळ्यांवर खेकसते. ती गोळी बोटांच्या सांध्यात जावी, पोटाला कळूही नये, एवढंच तुम्हाला पाहिजे होतं. तुम्ही हे मला कधी तोंडानं सांगितलं नाहीत. मीही विचारलं नाही. आपण बाहेर येऊन वडापाव खाल्ला आणि फुटबॉलवर बोललो.

आता वादाकडं येतो. तो मी सोडणार नाही, तुम्ही गेलात म्हणून सोडणार नाही.

गणपतीत तालमीनं तुमचं भाषण ठेवलं. तुम्ही जीव तोडून सांगितलंत. दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर ही गर्दी! प्रत्येकाच्या मुठीत गोळी. कुणाची बीपीची, कुणाची साखरेची, एकाची केस गळायची. तात्या सगळ्यात पुढं. "सर्जा, फेस जादा काढ. औषध फेसात बसतंय. सरांनी सांगितलंय काल." दुधात बारीक पिशव्या असतात म्हटल्यावर लोकांनी ग्लासात बघितलं, तर वर फेसाचे बुडबुडे दिसले. आता डोळ्यांना दिसतंय त्याला पिशवी नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? लोक गोळी फेसात बुडवून, बोटानं आत दाबून, वरनं दूध पीत होते. एकानं तर गुडघा पुढं केला आणि गोळीला पत्ता सांगितला, "डावा हाय बघ."

तेवढ्यात तुम्ही थर्मास घेऊन आलात. तुमचा चेहरा मला अजून दिसतो. "अहो, फेस म्हणजे हवा! पिशव्या दिसत नाहीत, दिसणारही नाहीत. आणि औषध त्यात लॅबमध्ये भरावं लागतं. तोंडात दोन्ही एकत्र झालं म्हणजे भरलं असं होत नाही!"

"पोटात गेल्यावर एकच हाय की, सर," तात्या म्हणाले.

"एक नाही, तात्या. आणि अजून हे माणसाला द्यायचं औषध झालेलंच नाही. उंदरांच्या पुढं आम्ही गेलेलो नाही."

"मग आम्ही काय उंदरापेक्षा बारीक हाय व्हय?"

सगळा कट्टा हसला. तुम्ही नाही हसलात. मला बाजूला घेतलंत. "सर्जेराव, हसू नका. कच्च्या दुधात जंतू असू शकतात. यातलं कुणी माझ्या भाषणामुळं आजारी पडलं तर? यांना सांगा, घरी न्या, उकळून प्या."

मी म्हणालो, "कट्ट्यावर उभा राहून गिऱ्हाईकाला उकळून प्या म्हणू? मग कट्टा कशाला, चूलच मांडतो की. आणि तुम्हाला बरं कच्चं लागतंय!"

"मला पिशव्या पाहिजेत. उकळलं की त्या मोडतात. यांना जंतू नकोत. उकळलं की तेही मरतात."

"म्हणजे माझं दूध चांगलं का वाईट? एक काय ते सांगा."

"दोन्ही," तुम्ही म्हणालात.

दोन्ही! ज्याच्या तीन पिढ्या कट्ट्यावर गेल्या त्या माणसाला तुम्ही हे उत्तर दिलंत. मी महिनाभर धुमसत होतो. तरी तुमच्या मागं लागण्यामुळं सगळ्या म्हशींच्या रक्ताच्या तपासण्या करून घेतल्या, हात धुवायला साबण आणला, कासेचे सड पुसायला स्वच्छ फडकी आणली. त्याचा फायदा झाला, आणि ते मी तुम्हाला तोंडावर कधी म्हटलं नाही. आता म्हणतो. तुमच्यामुळं माझा गोठा सुधारला. उपकार आहेत तुमचे.

पण वाद मीच जिंकायचो. दर वेळी. कारण माझ्याकडं हुकमाचं पान होतं. तुम्ही उकळायचं काढलंत की मी म्हणायचो, "आधी घरात उकळा, मग कट्ट्यावर या. अक्का रोज कच्चंच पितीय की!" आणि ते खरंच होतं. डॉक्टरांनी अक्काला बजावलेलं, या औषधांनी अंगाची लढायची ताकद दबलेली असते, कच्चं दूध अजिबात नको. अक्कानं साफ सांगितलेलं, मी गोठ्यात वाढलेय, माहेरच्या म्हशीचं आहे, असंच पिणार, फेसासकट. सकाळी तिची बोटं वळत नाहीत म्हणून सकाळचं स्वयंपाकघर तुमच्याकडं होतं. मी चरवी दारात द्यायचो, तुम्ही आत न्यायचात, आणि थोड्या वेळानं अक्काच्या हातात फेसाळलेला ग्लास असायचा. मी बाहेरच्या खोलीतनं बघायचो आणि मनात म्हणायचो, घ्या, प्राध्यापकाचं स्वतःच्या बायकोपुढं चालत नाही. कट्ट्यावर हे बोलून दाखवलं की तुम्ही गप्प व्हायचात. खाली बघून थर्मासाचं झाकण फिरवत बसायचात. मी तात्यांना डोळा मारायचो.

मग तुम्ही गेलात. सकाळी वर्गात शिकवायला गेलात आणि दुपारी तुम्हाला आणलं. त्यावर मी काही लिहीत नाही. मला त्यातलं काही समजलेलंही नाही.

दिवसकार्य झालं, तुमची लेक पुण्याला परत गेली, आणि अक्कानं मला बोलावलं. तशीच बसलेली, बोटं पदरात गुंडाळून. म्हणाली, "उद्यापासनं दूध घिऊन ये. कच्चं. आन् तूच दे मला ग्लासात, माझ्या हातानं न्हाय व्हायचं. गोळीच्या दिवशी गोळी बी त्याच्यासंगटच घेणार हाय मी."

"अक्का, डॉक्टर न्हाय म्हणालेत."

"डॉक्टरला काय कळतंय? ह्यांनी सगळं आयुष्य त्या पिशव्यात घातलं. कच्च्या दुधातच असत्यात म्हणत हुते न्हवं? शेवटी शेवटी मला म्हणाले हुते, तुझं औषध दुधातनंच येणार बघ. मग येऊ दे की."

दाजी, तुम्ही तिला हे म्हणाला होता का? म्हणाला असाल तर कशा अर्थानं? पुढं कधीतरी, लॅबमधनं, असंच ना? की बायको कण्हत होती म्हणून उगीच तिच्या समाधानाला बोललात? हे विचारायला मी कुणाकडं जाऊ? तुमच्या विद्यार्थ्यांनी मान हलवली आणि "सरांचं काम फार मोठं होतं" म्हणाले. डॉक्टर म्हणाले, पाजू नका. तात्या म्हणाले, "पितीय तर पिऊ दे, दूधच हाय, इख न्हाय." अक्का तर तुमच्या फोटोकडं बघून बोलते, माझ्याकडं बघतच नाही. मला समजेना की दुधातनं औषध येईल असं तिला खरंच वाटतंय, की तिला आता कशाचंच काही वाटत नाही. हे दुसरं जास्त भीतीचं होतं. तुम्ही असता तर म्हणाला असतात, दोन्ही.

आणि माझं बघा. ज्याचं सगळं घर कच्च्या दुधावर उभं, जो रोज शंभरदा "धारोष्ण घ्या, ताकद येते" म्हणतो, तोच मी सुंद्रीची चरवी घेऊन तुमच्या दारात उभा, आणि आत न्यायचं धाडस होईना. तिला काही झालं तर? माझ्या दुधानं, माझ्या हातानं? आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्याच चरवीची भीती वाटली.

अक्का बाहेरच्या खोलीत होती. मी आत गेलो, गॅस पेटवला, आणि दूध उकळलं. चांगलं वर येईपर्यंत. मग भांडं पाण्यात ठेवून कोमट केलं. पण ग्लासात ओतलं तर वर साधी साय, फेस नाही. हिला लगेच कळणार. मग काय करू? दोन तांबे घेतले आणि उंचावरनं ह्यातलं त्यात, त्यातलं ह्यात करत राहिलो. अर्धं ओट्यावर सांडलं. पण फेस आला, धारेला येतो तसा. तो ग्लास मी तिच्या हातात दिला आणि चोरासारखा उभा राहिलो. तिनं ओठाला लावला, थांबली, माझ्याकडं बघितलं. मग त्या आठवड्याची गोळी घेतली आणि सगळं दूध प्याली. "फेस बरा आलाय," एवढंच म्हणाली.

असं रोज चाललं. रोज मी तिला फसवायचो, रोज कट्ट्यावर येऊन लोकांना कच्चं विकायचो, आणि रोज डोक्यात तोच घोळ. मी बरोबर करतोय का? तुमच्या पिशव्या मी रोज सकाळी उकळून मोडतोय आणि तुमच्या बायकोला खोटं सांगतोय. तुम्हाला हे आवडलं असतं की तुम्ही माझं मानगूट धरलं असतंत?

परवा मी आत तांब्यांची कसरत करत होतो आणि अक्का कधी दारात येऊन उभी राहिली कळलंच नाही. सकाळची ती खोलीतनं हलत नाही, तुम्हाला माहीतच आहे. भिंतीला धरून आलेली. माझा हात वर तसाच राहिला.

"उकाळलंयस न्हवं?"

"व्हय," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

"पयल्याच दिवशी कळलंय मला. गोठ्यात जल्मलेय मी. उकाळलेल्याचा वास येत न्हाय व्हय मला?"

"मग बोलली का न्हाईस?"

ती ओट्याला टेकली. सांडलेल्या दुधाकडं बघत राहिली. "तुझं दाजी बी असंच करायचं. इतकी वरसं. आत जायाचं, हळूच उकाळायचं, आन् दोन तांब्यानं फेस काढून आणायचं. मला ते कच्चंच वाटतंय, असं त्यास्नी वाटायचं. मी बी काय बोलले न्हाय. एवढा खटाटोप करतोय माणूस, म्हटलं करू दे."

मी तांबे खाली ठेवले.

"तुला सांगते, ह्या बारीला खरंच कच्चं पिणार हुते. आता कशाला जपायचं म्हटलं. तू ग्लास दिलास, तोंडाला लावला, आन् उकाळलेला वास आला, वर फेस. सर्जा, मला वाटलं, हे अजून गेलंच न्हाईत. आतच हाईत."

मग ती रडली. तुम्ही गेल्यापासनं पहिल्यांदा. मीही रडलो, सांगायला लाज कसली.

दाजी, तुमच्या पिशव्यांचं मला अजून कळलेलं नाही. त्या कधी नेमक्या थांब्यावर उतरतील, अक्काच्या बोटांपर्यंत पोचतील की नाही, तुमचे विद्यार्थी बघतील. माझं दूध चांगलं की वाईट, तेही राहिलं. काल कट्ट्यावर तात्यांना म्हणालो, घरी नेऊन उकळून प्या, तर म्हणाले, "तुला काय झालं?" मी सुंद्रीखाली जाऊन बसलो.

पण एक सांगा. मी भर कट्ट्यावर "आधी घरात उकळा" म्हणायचो, लोक हसायचे, आणि तुम्ही झाकण फिरवत गप्प बसायचात. 'घरी उकळतोच' एवढं बोलला असतात तर तिथंच जिंकला असतात. पण माझ्या पोटात काही राहत नाही, मी त्याच दिवशी अक्काला सांगितलं असतं, आणि दुसऱ्या दिवशी तिनं ग्लासाला हात लावला नसता, हीच तुम्हाला भीती. म्हणून तुम्ही रोज हरत होता. आणि मी डोळा मारत होतो.

उद्यापासनं तो पहिला तांब्या बाजूला काढायचाच आहे. गिऱ्हाईकाला सांगेन, थांबा पावणं, हे सरांच्या घरचं हाय. उकाळायचं हाय.